उसाच्या फडातली भीती

नाशिकमध्ये बसून पडद्यावरच्या भुतांविषयी लिहायचे, तर सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करायला हवी. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले दादासाहेब चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करीत. ‘प्रा. केळफा’ हे नाव त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून घेतले होते. पुढे त्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) काढला. म्हणजे पडद्यावर चमत्कार दाखवण्याची विद्या आपल्याकडे पहिल्यापासून होती. घाबरवण्याचे मात्र आपण फारसे मनावर घेतले नाही. मराठी भूत बहुधा हसवायला आले. ‘भुताचा भाऊ’ (१९८९), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४) ही नावे चटकन आठवतात. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हा अपवाद जुनी माणसे अजून सांगतात, पण त्या वाटेने पुढे फार कोणी गेले नाही.

दिवाळीत पाहुणे जमले, की ‘एखादा भीतीचा पिक्चर सांगा’ अशी फर्माईश होतेच. ‘तुंबाड’ (२०१८) आता सर्वांनी पाहिला आहे. नारायण धारपांच्या कथेचे ऋण त्याच्या दिग्दर्शकाने, राही अनिल बर्वे यांनी, मान्य केले आहे हेही बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून मी दुसरी नावे सांगतो.

पहिले नाव ‘लपाछपी’ (२०१७). दिग्दर्शक विशाल फुरिया. कर्जाच्या तगाद्यामुळे एक तरुण जोडपे शहर सोडून आपल्या ड्रायव्हरच्या गावी आसऱ्याला जाते. बायको (पूजा सावंत) गरोदर आहे. एकटे घर, घराभोवती नुसता ऊस, आणि त्या घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई. उषा नाईक यांनी ही बाई अशी उभी केली आहे, की तिच्या मायेने पोटात गोळा येतो. गरोदर बाईने काय करावे आणि काय करू नये हे ती सारखी सांगत राहते, आणि ते सगळे आपण घरोघरी ऐकलेले असते. उसातून मुलांच्या खेळण्याचे आवाज येतात. निफाडकडे संध्याकाळी उभ्या उसातल्या रस्त्याने गेलेल्यांना हे सांगायला नको, की फडात चार हातांवरचा माणूस दिसत नाही, फक्त पाचट वाजते. दिग्दर्शकाने अंधारापेक्षा दिवसाउजेडीच्या या आडोशाचा जास्त उपयोग केला आहे.

शेवट सांगत नाही. पण विषय लपवण्यात अर्थ नाही : पोटातल्या मुलीचे काय करायचे, हाच तो. गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण राज्यात २००१ साली ९१३ होते, ते २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आले. बीड जिल्ह्यात तर ८०७. हे आकडे माहीत असलेल्या प्रेक्षकाला उसातला खेळण्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. फुरियांनीच २०२१ साली हा चित्रपट ‘छोरी’ नावाने हिंदीत केला. तो सफाईदार आहे, पण माझे मत मूळ मराठीच्या बाजूने. तुळसाबाईची बोली तिथे हरवते.

दुसरे नाव जुने, ‘गहराई’ (१९८०). विकास देसाई आणि अरुणाराजे यांचे दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग. श्रीराम लागूंनी रंगवलेला गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन कंपनीला विकतो. ती कसणारा जुना गडी विनवतो, ही आई आहे, विकू नका. त्यानंतर घरातली शाळकरी मुलगी (पद्मिनी कोल्हापुरे) भलत्याच आवाजात बोलू लागते. ‘एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) मध्ये बाहेरून आलेल्या सैतानाला हाकलायला धर्मगुरू असतात. इथे मुलीच्या तोंडून जे बाहेर पडते तो बापाचाच जुना हिशेब असतो, आणि सोडवायला आलेल्यांतले काही जण भुतापेक्षा वाईट निघतात. त्यातला एक मांत्रिकाचा प्रसंग एवढ्या लहान वयाच्या नटीकडून करून घ्यायला नको होता, असे मला आज वाटते. हा चित्रपट सुचवताना ते मी आधीच सांगून ठेवतो. बाकी त्यातली जमीनविक्री आमच्या नाशिकच्या आसपासच्या कुणालाही परकी वाटणार नाही.

धीर उरला असेल तर आसामकडे वळा. भास्कर हजारिका यांच्या ‘कोथानोदी’ (२०१५) मध्ये लोककथांतल्या आया आहेत. आजीच्या गोष्टींत किती क्रौर्य असते ते त्यातून कळते. त्यांचाच ‘आमिस’ (२०१९) भुताखेतांचा नाही. एक विवाहित डॉक्टर बाई आणि मांसाहाराच्या परंपरांवर संशोधन करणारा एक तरुण यांच्यात खाण्याच्या ओढीने मैत्री होते. दोघे एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत, आणि न केलेला तो स्पर्श हळूहळू कुठल्या थराला जातो, ते पाहून मी त्या रात्री जेवलो नाही. ‘लपाछपी’ घरात कुणी गरोदर असेल तर लावू नका. आणि ‘आमिस’ फराळाचे ताट पुढ्यात घेऊन तर मुळीच नको.