अंगणात डिझाईनचं काँक्रीट की साधा कोबा? विजयदुर्गच्या पावसात काय टिकतं?

गावच्या घराच्या डागडुजीचा विषय निघाला की हल्ली कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील येतेच. ओल्या काँक्रीटवर रबरी साचे ठेवून वरून ठोकलं जातं, साचा उचलला की खाली दगडी फरसबंदीची हुबेहूब नक्षी. लगेच मुंबईहून कुणीतरी विचारतं, "आपल्या खळ्यात असं करून घ्यायचं का?"

दिसायला ते छानच असतं. फक्त रीलमध्ये कायम कोरडं ऊन असतं. विजयदुर्ग आहे वाघोटन खाडीच्या तोंडाशी, अगदी समुद्रावर. सिंधुदुर्गात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात उरलेले आठ महिने खारा वारा. तेव्हा इथे निवड करताना दिसण्याआधी बघायचं ते पाणी, शेवाळ आणि मीठ.

दोन्हींत नेमका फरक काय?

फरक फक्त वरच्या पातळ थराचा आहे. सिमेंट, वाळू, खडी दोन्हीकडे तीच. डिझाईनच्या काँक्रीटमध्ये ओल्या पृष्ठभागावर रंगाची पावडर टाकतात, साचा चिकटू नये म्हणून वेगळी पावडर मारतात, नक्षी उठवतात आणि सुकल्यावर चमक येण्यासाठी सीलरचा हात देतात. कॅलिफोर्नियातल्या ब्रॅड बोमन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, असं मानलं जातं. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे जादा पैसे जातात ते वरच्या कातडीसाठी. आणि कोकणचा पाऊस पहिला घाव घालतो तो याच कातडीवर.

सीलरचं काय होतं?

पावसाळ्यात जमीन तुडुंब भिजलेली असते. खालची ओल काँक्रीटमधून वर येऊ बघते आणि सीलरखाली अडकते. मग चकचकीत अंगणावर दुधाळ पांढरे डाग उमटतात. उन्हाने आणि वर्दळीने सीलर झिजतोही, त्यामुळे साधारण दर दोन-तीन वर्षांनी नवा हात द्यावा लागतो. बंद घरात हे कोण करणार?

खरा धोका मात्र डागांचा नाही, घसरण्याचा आहे. सीलर मारलेला गुळगुळीत पृष्ठभाग ओला झाला की निसरडा होतो. त्यात नक्षीच्या खाचांत माती आणि पाणी साचतं, तिथे आधी शेवाळ धरतं. श्रावण-भाद्रपदात अंगण सर्वांत निसरडं असतं, आणि नेमकं तेव्हाच चतुर्थीला चाकरमानी येऊन घर भरलेलं असतं. पहाटे काळोखात फुलं काढायला निघालेली आजी, गणपतीचा पाट डोक्यावर घेतलेला माणूस, पळापळ करणारी पोरं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळू शकतो. सीलरमध्ये बारीक खरखरीत पावडर मिसळून निसरडेपणा कमी करता येतो, पण ती सीलरबरोबरच झिजते.

पूर्वी यावर वेगळा उपाय होता. दरवर्षी पाऊस सरला की मातीचं खळं चोपून, शेणाने सारवून नवं केलं जायचं आणि पावसाळ्यात ये-जा करण्याच्या वाटेवर नारळाची झापं किंवा चिरे टाकले जायचे. ते अंगण टिकाऊ नव्हतं, पण दरवर्षी नवं होत असल्यामुळे जुनं शेवाळ उरायचं नाही. काँक्रीट केलं की ही सोय संपते.

मग साधा कोबा बरा?

पावसात उघड्या असलेल्या जागेसाठी, हो. मात्र थापीने घोटून आरसा केलेला कोबा नव्हे, तो डिझाईनइतकाच घसरतो. पृष्ठभाग अर्धवट ओला असतानाच त्यावरून खराटा ओढायचा. रेषा चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. फुकटातली ही खरखर सीलरच्या पावडरीपेक्षा जास्त वर्षं साथ देते.

अंगण फक्त चालण्यासाठी नसतं, हाही मुद्दा आहे. आमसुलं, काजूबिया, भात, सुपारी तिथेच वाळते. नक्षीच्या खाचांत भात अडकतो आणि झाडूने निघत नाही. गडद रंगाचा पृष्ठभाग एप्रिलमध्ये अनवाणी पायांना पोळतो. उद्या नळाची पाइपलाइन टाकायला अंगण खणावं लागलं, तर साध्या कोब्यावरचं ठिगळ खपून जातं. रंग आणि नक्षी जुळवणं जवळपास अशक्य असतं.

हौस भागवायचीच असेल तर जागा निवडून भागवावी. पुढच्या पडवीत, छपराखाली, जिथे पाऊस थेट पडत नाही तिथे डिझाईन चांगलं टिकतं. उघड्यावर काही वेगळं हवं असेल, तर काही तासांनी वरचं सिमेंट पाण्याने धुऊन आतली खडी उघडी करण्याची पद्धत आहे. ती दिसायलाही बरी आणि पायाला पकडही देते.

पैसे कुठे घालावेत?

जे पैसे नक्षीवर जाणार होते, ते खालच्या कामात घातले तर अंगण जास्त टिकेल. हजार चौरस फुटांचं, चार इंच जाडीचं अंगण म्हणजे सुमारे साडेनऊ घनमीटर काँक्रीट. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या, सळई नसलेल्या काँक्रीटला किमान एम २० दर्जा हवा. सळई घातली तर तोच आकडा एम ३० होतो आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट लागतं, कारण खारं पाणी आत शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट फोडतं. चार इंचांच्या अंगणात एवढं पाळणं अवघड. त्यामुळे फक्त वावर किंवा आंब्याच्या पेट्यांचा छोटा टेम्पो येणार असेल, तर नीट चोपलेल्या भरावावर सळईविना केलेलं अंगण समुद्राकाठी जास्त शहाणपणाचं.

स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट खाऱ्या हवेत चांगलं टिकतं, पण त्यावर किमान १० दिवस पाणी मारलंच पाहिजे, आणि तेही गोडं. खाडीची न धुतलेली वाळू स्वस्तात मिळाली तरी नको, पुढे लोणा लागून पांढरे चट्टे येतात. दर आठ-दहा फुटांवर एक इंच खोल खाच कापावी, म्हणजे तडा गेलाच तर खाचेत जातो. उतार दहा फुटांना दीड इंच. काम दिवाळीनंतर काढावं, तेव्हा विहिरीला पाणी असतं. मे महिन्यात काम काढलं की पाण्यात काटकसर होते आणि ती पहिल्याच पावसात दिसते.

एक हिशोब मात्र डिझाईन असो वा साधं, दोघांनाही लागू आहे. ३ हजार मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस फुटांवर वर्षाला सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. सगळं अंगण बंद केलं तर ते विहिरीऐवजी गटारात किंवा शेजाऱ्याच्या पडवीत जातं. म्हणून नारळीची आळी आणि तुळशीभोवतालची जागा मोकळी ठेवून, अंगणाचा उतार त्या बाजूला काढायला गवंड्याला काम सुरू होण्याआधीच सांगावं. काँक्रीट ओतल्यावर उतार बदलता येत नाही.