टिग मशीन घेताना: अ‍ॅम्पिअर नंतर बघा

तर मंडळी, आज टिग वेल्डिंग, तेही हौसेसाठी. घरी, कमी बजेटमध्ये. बरेच जण आधी किंमत बघतात, मग अ‍ॅम्पिअर. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे: तुम्हाला अ‍ॅल्युमिनियम जोडायचंय का?

कारण बघा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २,००० अंशांच्या वर तापमान लागतं. तो उडवायला एसी करंट हवा. स्वस्त मशीनं बहुतेक फक्त डीसी असतात. लोखंड आणि स्टेनलेस स्टील मस्त जोडतात, अ‍ॅल्युमिनियमला हात टेकतात. एसी-डीसी मशीन बरंच महाग पडतं. स्टँड, ब्रॅकेट, सायलेन्सरचा पाइप एवढंच करायचं असेल तर सरळ डीसी घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. लागणार आहेत.

कशाला? गॅसला. टिगसाठी शुद्ध आर्गॉन लागतो. मिगवाल्यांचा सीओटू मिसळलेला गॅस इथे चालत नाही, टंगस्टन जळतं. १० लिटरचा सिलेंडर १५० बारला भरला तर साधारण १,५०० लिटर गॅस. मिनिटाला ८ लिटर धरा, जेमतेम तीन तासांची वेल्डिंग झाली की संपला! वर रेग्युलेटर, टॉर्च, हातमोजे, हेल्मेट. हेल्मेटमध्ये काटकसर अजिबात नको.

आता अ‍ॅम्पिअर. लोखंडाच्या दर मिलिमीटर जाडीला ढोबळ ४० धरा, म्हणजे ३ मिलिमीटरला १२०. हौसेला १६० भरपूर झालं. पण लेबलवरची ड्युटी सायकल वाचा. १६० अ‍ॅम्पिअरला ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली तीन मिनिटं काम, बाकी आराम. आणि घरचं वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. टीव्हीच्या ६ अ‍ॅम्पिअरच्या प्लगचं हे काम नाही.

अजून एक. खोक्यावर ‘आर्क/टिग’ लिहिलेलं असलं, तरी खूपदा आत गॅसचा व्हॉल्व्हच नसतो. टॉर्चवरचा कॉक हाताने उघडायचा. शिकायला काही वाईट नाही, फक्त आर्क विझल्यावर काही सेकंद गॅस चालू ठेवा, नाहीतर तापलेलं टंगस्टन काळं पडतं. एचएफ स्टार्ट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्याच; टंगस्टन धातूला न टेकवता आर्क पेटतो.

आणि हो, लाल टोकाचं टंगस्टन घेऊ नका. त्यात थोरियम असतं, थोडंसं किरणोत्सर्गी. टोक घासताना त्याची धूळ नाकात जाते. राखाडी किंवा निळं मागा.