गोमतीत बुडालेली वही

जौनपूर शहरात गोमती नदीवर अकबराच्या काळात बांधलेला दगडी पूल आजही उभा आहे. सुमारे चारशे वीस वर्षांपूर्वी गोमतीच्या पुलावर एके दिवशी काही तरुण मित्र बसले होते. त्यांच्यापैकी एकाच्या हातात स्वतः रचलेली पोथी होती. नवरसांवरील, पण मुख्यतः शृंगाराने भरलेली, सुमारे हजार दोहे-चौपाया असलेली. तो वाचीत होता, मित्र ऐकत होते. वाचता वाचता त्याच्या मनात अकस्मात विचार आला : एक असत्य बोलणारा मनुष्यही नरकाचे दुःख भोगतो असे म्हणतात; मग ज्याने हजार कल्पित वचने लिहिली, त्याची गती काय? त्याने क्षणभर नदीकडे पाहिले आणि पोथी रद्दीसारखी पाण्यात भिरकावून दिली. मित्र हळहळले. पण पाणी खोल होते, पाने सुटी होऊन वाहून गेली होती.

तो युवक म्हणजे जौनपूरच्या श्रीमाल जैन जवाहिऱ्याचा मुलगा बनारसी. पुढे 'समयसार नाटक' रचणारे कविवर बनारसीदास ते हेच. घरोघरी आदराने घेतले जाणारे हे नाव एकेकाळी आईवडिलांच्या काळजीचा विषय होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ते आपल्याला कळते ते त्यांच्याच लेखणीतून. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, संवत १६९८ म्हणजे इ.स. १६४१ मध्ये, त्यांनी 'अर्धकथानक' नावाने आपले जीवन पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी आपल्या कथेला 'अर्धी' म्हटले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्यातील किशोरवयाची पाने आजच्या व्यापारी कुटुंबातील आईवडिलांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावीत अशी आहेत.

पाठशाळा आणि पेढी

बनारसीचा जन्म संवत १६४३ मधला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाचे जन्मनाव विक्रमाजीत. भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी कुटुंब काशीस गेले असता ते बदलून बनारसी ठेवले गेले. आठव्या वर्षी तो पंतोजींकडे जाऊ लागला आणि वर्षभरात लिहिणे-वाचणे शिकून मोकळा झाला. व्यापाऱ्याच्या मुलाला यापेक्षा अधिक शिक्षणाची गरज त्या काळी कोणास वाटत नसे. नवव्या वर्षी वाग्दान, अकराव्या वर्षी विवाह. नववधू घरात आली त्याच दिवशी घरात एका कन्येचा जन्म झाला आणि त्याच दिवशी वृद्ध नानीने देह ठेवला. एकाच छपराखाली एकाच दिवशी आगमन, जन्म आणि मरण पाहिलेल्या या मुलाने ती गोष्ट पुढे चव्वेचाळीस वर्षे मनात जपली.

लवकरच संकट आले. संवत १६५५ मध्ये जौनपूरचा अधिकारी किलीच खान याने शहरातील जवाहिऱ्यांकडे मोठी मागणी केली. ती पुरी होईना, तेव्हा त्याने सर्वांना कैद केले व फटके मारवून अर्धमेल्या अवस्थेत सोडले. जवाहिरे कुटुंबांसह जिकडे वाट फुटेल तिकडे पळाले. खरगसेन शाहजादपूरला पोहोचले तेव्हा पाऊस कोसळत होता, निवारा नव्हता. करमचंद नावाच्या एका वाण्याने त्यांना भरलेले घर राहावयास दिले. पुढे पिता व्यापारासाठी अलाहाबादला गेले. मागे राहिलेल्या बनारसीने तेथे कवड्यांची खरेदी-विक्री केली आणि मिळालेला किंचित नफा आजीपुढे आणून ठेवला. नातवाची पहिली कमाई म्हणून आजीने गोड वाटले. मुलाचा पहिला नफा आजीच्या पदरात पडण्याचा तो आनंद कोणत्याही व्यापारी घरास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पण या मुलाचे मन केवळ कवड्यांत रमणारे नव्हते.

चौदावे वर्ष

चौदाव्या वर्षी जौनपुरात बनारसी पंडित देवदत्त यांच्याकडे शिकू लागला. शब्दकोश, ज्योतिष, अलंकार, कोकशास्त्र असे नाना विषय त्याने हाती घेतले. पुढे खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र शहरात आले. बनारसी दिवसभर उपाश्रयात त्यांच्यापाशी बसे. छंदशास्त्र शिके, स्नात्रविधी व प्रतिक्रमण पाठ करी. त्याच दिवसांत त्याला दुसराही छंद जडला. तो प्रेमात पडला. प्रिय व्यक्तीला पान-मिठाई पाठविण्यासाठी त्याने पित्याच्या पेटीतील माणके चोरली. ज्या हाताने प्रतिक्रमणाचे पाठ उतरवायचे, त्याच हाताने शृंगाराची पोथी लिहायची, असा हा दुहेरी क्रम चालू होता. म्हातारपणी लिहिताना त्यांनी यातले काहीही झाकलेले नाही.

वडीलधाऱ्यांनी त्याला बसवून समजाविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की फार शिकावे ते ब्राह्मणांनी आणि भाटांनी. वाण्याच्या पोराने बाजारात बसावे. अधिक शिकणाऱ्याच्या हाती शेवटी भिक्षापात्रच येते. चार शतकांत या उपदेशाची भाषा बदलली, पण आशय फारसा बदललेला नाही. चित्रकला, नाटक, कविता हे सारे दहावीपर्यंत ठीक, पुढे वाणिज्य शाखा आणि मग दुकान, हे वाक्य आजही अनेक घरांत रात्रीच्या हिशेबाच्या वेळी ऐकू येते.

तरीही त्या वडीलधाऱ्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्यांनी फटके खाल्ले, घरदार सोडून पावसात आसरा शोधला, त्यांना स्थैर्य म्हणजे काय हे ठाऊक होते. एकुलत्या मुलाच्या हातून माणके निसटताना पाहणाऱ्या पित्याचे भय खोटे नव्हते. उणीव एवढीच होती की मुलाची चोरी आणि मुलाची कविता ही दोन्ही त्यांना एकाच रोगाची लक्षणे वाटली.

मुलगाही काही शहाणा नव्हता. एका संन्याशाने त्याला मंत्र दिला : वर्षभर गुप्तपणे जप कर, मग दारात रोज एक दीनार सापडेल. बनारसीने वर्षभर जप केला आणि पहाटे दारात जाऊन शोधले. दीनार मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधले. पुढे एका जोग्याने दिलेला शंख तो कोणालाही न सांगता पुजू लागला. आईवडिलांना न सांगता कशावर तरी विश्वास ठेवणे आणि भ्रमनिरास झाल्यावर तोही न सांगणे, हे या वयाचे लक्षण त्या काळीही होते.

संवत १६६२ मध्ये अकबर बादशहा वारल्याची वार्ता जौनपुरात आली. घराच्या पायऱ्यांवर बसलेला बनारसी ती ऐकताच भोवळ येऊन कोसळला. डोके फुटले, अंगण रक्ताने माखले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. शहरात दहा दिवस भय पसरले होते. दुकाने बंद झाली, दागिने जमिनीत पुरले गेले, श्रीमंतांनी जाडेभरडे कपडे घातले. जहांगीर गादीवर आल्याचे पत्र पोहोचले तेव्हा बाजार पुन्हा उघडला. अंथरुणावर पडलेल्या मुलाच्या मनात मात्र प्रश्न उठला : मी पडलो तेव्हा तो शंख कोठे होता? त्याने शंखपूजा सोडली. गोमतीच्या पुलावरचा तो प्रसंग याच सुमाराचा.

पाण्यात काय गेले, काय राहिले

पोथी बुडाल्याचे ऐकून खरगसेनांना परमानंद झाला. मुलगा सुधारला, घराचे नाव राहिले असे त्यांना वाटले. बनारसी खरोखरच बदलला. व्रतनियम घेऊ लागला, नित्य दर्शनास जाऊ लागला.

मराठी वाचकाला येथे इंद्रायणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. काही दशकांनंतर देहूच्या दुसऱ्या एका दुकानदाराच्या मुलाच्या वह्या नदीत बुडविल्या गेल्या. तुकारामांच्या वह्या वर आल्या असे परंपरा सांगते. बनारसीची पोथी कधीच वर आली नाही. ती बुडविण्यास कोणी भागही पाडले नव्हते. तो त्याच्या स्वतःच्या विवेकाचा निर्णय होता. म्हणूनच तो आदराला पात्र आहे.

परंतु त्या निर्णयामागे काय होते हेही पाहिले पाहिजे. आपण लिहिले ते खरे आहे की नाही, हा प्रश्न त्याला पडला तो स्वतःचे लिखाण मोठ्याने वाचताना. उपदेशाने जे झाले नाही ते स्वतःच्या शब्दांनी झाले. लिहिलेच नसते तर त्याला स्वतःचे असत्य दिसले नसते.

आणि जे विद्याधन 'निरुपयोगी' ठरविले गेले होते, तेही बुडाले नाही. चौदाव्या वर्षी अभ्यासलेल्या शब्दकोशाच्या परंपरेत त्यांनी संवत १६७० मध्ये स्वतःची 'नाममाला' रचली. उपाश्रयात शिकलेले छंद संवत १६९३ मध्ये 'समयसार नाटका'च्या कामी आले. आचार्य कुंदकुंदांचा गहन विषय त्या काव्याने लोकभाषेत आणला. व्यापारात मात्र त्यांना यश थोडेच आले. पित्याने दिलेला माल घेऊन ते आग्र्याला गेले आणि भांडवल गमावून बसले. त्या दिवसांत ते रात्री दहा-वीस लोकांना कथाकाव्ये वाचून दाखवीत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याने कित्येक महिने त्यांना उधार खाऊ घातले. त्या वाईट काळात त्यांना ज्याने जगविले, तो त्यांच्या वाचनाचा श्रोता होता.

प्रामाणिक जमाखर्च

'अर्धकथानका'च्या अखेरीस कविवरांनी आपले गुण आणि दोष वेगवेगळे मांडले आहेत. थोड्या लाभाने आपल्याला फार हर्ष होतो आणि थोड्या हानीने फार चिंता लागते, हे त्यांनी लिहून ठेवले. एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, हेही लिहिले. सहाशे पंचाहत्तर पद्यांची ही रचना म्हणजे जणू एका व्यापाऱ्याने ठेवलेला आपल्या जीवनाचा जमाखर्च आहे आणि त्यात नावेची बाजू कोठेही खोडलेली नाही. नऊ अपत्ये गमावल्याचे दुःखही त्यात तितक्याच संयमाने नोंदलेले आहे. ज्या मुलाने असत्याच्या भयाने एक वही बुडविली, त्यानेच सत्यासाठी दुसरी वही लिहिली. ही दुसरी वही मूळ स्वरूपात छापली गेली ती १९४३ मध्ये, मुंबईत. पंडित नाथूराम प्रेमी यांच्या संपादनाने.

दिवाळीला आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'शुभ-लाभ' लिहिले जाते, आणि घरातील सर्वजण त्या कोऱ्या पानांना हात जोडतात. त्याच घरात, कदाचित शेजारच्याच खोलीत, पंधरा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची एखादी वही गादीखाली लपविलेली असते. तीत शाळेतील अपमान असेल, मैत्रिणीशी झालेला अबोला असेल, पेढीवर बसण्याची भीती असेल किंवा बसण्याची ओढही असेल. पुष्कळसे कच्चे आणि काही खोटेही असेल. ती वही चोरून वाचू नये, तिची थट्टा करू नये, आणि परीक्षेतील गुण घसरले म्हणून ती रद्दीत घालू नये. तिचे काय करायचे ते लिहिणाऱ्यालाच ठरवू द्यावे. खरगसेनांना पोथी बुडाल्याचा आनंद झाला. त्या पोथीत मुलाने काय लिहिले होते हे त्यांनी कधी त्याला विचारल्याची नोंद मात्र 'अर्धकथानका'त आढळत नाही.