लेखांक 6 : खोक्यातून जाणारा पुठ्ठा

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे निघतात तेव्हा भाव मालाचा बोलला जातो. 15 किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स मालाबरोबर मुकाट जातो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचंही तेच. बॉक्स न्हावाशेवाहून रॉटरडॅमला पोचतो, पण सीमाशुल्काच्या दप्तरात नोंद होते ती द्राक्षांची, 0806 या क्रमांकाखाली. कागद-पुठ्ठ्याचं प्रकरण 48 वेगळं, आणि आपला बॉक्स त्यात कधीच दिसत नाही. माल ज्यात नेहमी भरला जातो ते वेष्टन मालाच्याच वर्गात धरायचं, असा जगभर मान्य झालेला नियम आहे.

हा नियम लक्षात ठेवून आज फिनलंड आणि चीन यांची कागदनिर्यात शेजारी ठेवून पाहू.

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम 55 लाख. त्यामुळे तिथला बहुतेक सगळा कागद बाहेरच विकला जातो. 2007 मध्ये तिथल्या गिरण्यांनी सुमारे 1 कोटी 40 लाख टन कागद-पुठ्ठा काढला. 2020 पर्यंत तो 80 लाखांच्या आसपास आला. वर्तमानपत्रं आणि मासिकं मोबाइलवर गेली, त्यांचा कागद कोण घेणार? कायपोलाची गिरणी 2020 च्या अखेरीस बंद झाली, वेइत्सिलुओतोची 2021 मध्ये. नुसता आलेख पाहणारा म्हणेल, फिनलंड संपला. पण शेजारचं प्रकरण 47 उघडा. ते लगद्याचं. 2017 मध्ये आनेकोस्कीला वर्षाला 13 लाख टन लगद्याचा कारखाना सुरू झाला, आणि फिनिश लगद्याचं मोठं गिऱ्हाईक आहे चीन. ओउलूच्या गिरणीनेही छपाईचा कागद सोडून बॉक्सच्या बाहेरच्या थराचा क्राफ्ट कागद काढायला घेतला.

चीन तर उत्पादनात जगात पहिला, वर्षाला 10 कोटी टनांच्या वर. त्यामानाने कागद म्हणून तो बाहेर फार थोडा पाठवतो. उरलेला सगळा चीनमध्येच राहतो असं मात्र नाही. टीव्ही, बूट, खेळणी यांच्याभोवती गुंडाळलेला पुठ्ठा दर जहाजातून जातो आणि टीव्ही, बूट, खेळणी म्हणूनच मोजला जातो. म्हणून प्रकरण 48 चे आकडे समोरासमोर मांडून कोण पुढे, कोण मागे हे ठरवणं मला फसवं वाटतं. फिनलंडचा धंदा त्यात अर्धा दिसतो, चीनचा त्याहूनही कमी.

यात आपण कुठे? 1 जानेवारी 2021 पासून चीनने परदेशी रद्दी घेणं बंद केलं. अमेरिका-युरोपचे जुने बॉक्स तिकडे जाणं थांबलं, आणि तिथल्या गिरण्या तयार क्राफ्ट आणि लगद्याचे रोल शोधू लागल्या. भारतातल्या क्राफ्ट गिरण्यांना हे गिऱ्हाईक आयतं मिळालं. इकडे क्राफ्टचे भाव चढले, बॉक्स कारखानदारांनी ओरड केली. म्हणजे प्रकरण 48 मध्ये भारताची रेघ वर गेली ती बॉक्स वापरणाऱ्याच्या खिशाला चाट लावून. असल्या निर्यातवाढीचं कौतुक बेदाणा भरणाऱ्याने का करावं?

पुढच्या आठवड्यात रद्दीच्या आयातीकडे वळू. तोवर घरातला एखादा रिकामा बॉक्स फाडून पाहा. फाटलेल्या कडेला लांब, केसाळ तंतू दिसले तर त्यात कोऱ्या लाकडाचा लगदा बराच आहे. कड आखूड आणि भुसभुशीत निघाली तर तो बहुतेक रद्दीतून आला आहे.