स्पार्क प्लगची तपासणी

स्पार्क प्लगची तपासणी ही पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीचा स्पार्क प्लग बाहेर काढून, त्याच्या टोकाचा रंग, त्यावरील थर आणि झीज यांवरून इंजिनातील ज्वलनाची स्थिती ओळखण्याची पद्धत होय. डिझेल इंजिनात इंधन हवेच्या दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेने पेटते. त्यामुळे ट्रॅक्टर किंवा डिझेल जीप यांना ही पद्धत लागू होत नाही.

कार्य

प्लगच्या मधल्या व बाजूच्या इलेक्ट्रोडमधील फटीत हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाने ठिणगी पडते. मोटारींत ही फट बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिल्यास त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांपलीकडे गेल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू शकते व पिस्टन वितळण्यापर्यंत हानी होऊ शकते.

तपासणीची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढतात. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड गरम असताना त्याचे आटे खराब होऊ शकतात. सिलिंडरमध्ये कचरा पडू नये म्हणून प्लगभोवतीची धूळ आधी साफ करतात. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवतात.

लक्षणे

* फिकट तपकिरी वा राखाडी: ज्वलन योग्य.
* कोरडी काळी काजळी: मिश्रणात इंधन जास्त, हवेची गाळणी तुंबलेली, किंवा गाडीचा वापर केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी.
* तेलकट काळा थर: पिस्टन रिंग किंवा वाल्व्ह सील झिजल्याने तेलाची गळती.
* पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही किंवा इंधन प्रमाणाबाहेर येते.
* पांढरे, फोड आलेले टोक: अतिउष्णता; मिश्रणात इंधन कमी, ठिणगी वेळेआधी, किंवा चुकीच्या उष्णता श्रेणीचा प्लग.
* गोलाकार झिजलेले इलेक्ट्रोड: आयुष्य संपलेले.

निदान

सर्व प्लग सारखेच बिघडलेले असल्यास दोष सामाईक भागात शोधतात. एकच प्लग वेगळा दिसल्यास दोष त्या सिलिंडरमध्ये, त्याच्या कॉइलमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या कोरड्या हवामानाच्या भागात उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवर धूळ फार उडते. तेथे सर्व प्लग काळे आढळल्यास हवेची गाळणी आधी पाहणे सोयीचे ठरते. मूळ कारण दूर न करता केवळ प्लग बदलल्यास नवा प्लगही तसाच खराब होतो. ठिणगी चुकत असताना गाडी चालवत राहिल्यास न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तो तापतो व निकामी होऊ शकतो.

मर्यादा

प्लगच्या रंगाचे नियम मुख्यतः कार्ब्युरेटरच्या काळात रूढ झाले. प्रीमियर पद्मिनीसारख्या त्या काळातील गाड्यांत शिसेयुक्त पेट्रोलचे थरही दिसत. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. आधुनिक इंजिनात संगणक इंधनाचे प्रमाण सतत दुरुस्त करत असल्याने दोष रंगात उशिरा उमटतो. सीएनजीवरील प्लग मुळातच अधिक स्वच्छ व पांढरट दिसतात. म्हणून प्लगचे निरीक्षण इतर चाचण्यांशी ताडून पाहणे आवश्यक असते.