गवती चहाचे तेल : उपयोग आणि काळजी

आपण चहात घालतो त्याच गवती चहाच्या पात्यांतून वाफेवर हे तेल काढतात. त्यात सुमारे 70 ते 80 टक्के सिट्रल असते, लिंबासारखा वास त्याचाच. साबण, अगरबत्ती, फरशी पुसायचे पाणी यांत ते छान. डासही काही वेळ लांब राहतात, पण वास उडाला की परत येतात. म्हणून डेंग्यूच्या दिवसांत वस्तीत तेलाच्या बाटल्या वाटून थांबू नका; आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला लावा.

नुसते तेल अंगाला लावल्यास आग होते, पुरळ उठते. दोन चमचे खोबरेलात एकच थेंब पुरे. गवती चहा पितो म्हणून तेलही पोटात घेणे धोक्याचे. गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे. बाटली लहान मुलांपासून दूर ठेवावी.