मुदतीचे बंधन कोणावर?

कायद्यातील मुदत म्हणजे नागरिकावरचे बंधन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कर, शुल्क, अपील यांपैकी कशाचीही मुदत चुकली की भुर्दंड ठरलेलाच. परंतु क्वचित एखादी मुदत शासनालाही बांधून घेते आणि ती टळल्यास शासनाचा दावाच निष्प्रभ होतो. ब्रिटनच्या वाहतूक कायद्यातील १४ दिवसांची मुदत ही त्यांपैकी एक. तिचे आज काय झाले आहे हे पाहणे, तिकडे नोकरीनिमित्त कंपनीची मोटार चालवणाऱ्या मराठी माणसांइतकेच आपल्यालाही उद्बोधक ठरेल.

हा नियम १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये आला आणि आज १९८८ च्या रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स ॲक्टच्या पहिल्या कलमात आहे. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, निष्काळजीपणे गाडी हाकणे अशा गुन्ह्यांबद्दल जागच्या जागी ताकीद दिली नसेल, तर खटल्याच्या इराद्याची सूचना १४ दिवसांत चालकाच्या किंवा गाडीच्या नोंदणीकृत धारकाच्या हाती पडली पाहिजे. अन्यथा, काही अपवाद सोडता, दोषी ठरवता येत नाही. यामागचा विचार उघड आहे. आठवण ताजी असतानाच माणूस आपली बाजू मांडू शकतो. दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी आपण कोणत्या रस्त्याने गेलो, हे कोण सांगू शकेल?

तथापि १९३० साली मोटारीचा मालक आणि चालक बहुधा एकच असे, किंवा मालकाला आपला चालक ठाऊक असे. आज मोटार भाडेपट्ट्याने देणाऱ्या संस्थेची, ती घेणारी दुसरी कंपनी आणि चालवणारा तिसराच, तिचा नोकर. कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीची सूचना जाते ती नोंदणीकृत धारकाकडे, म्हणजे बहुतेक वेळा भाडेपट्टा संस्थेकडे. तेथून कंपनीचे नाव कळवले जाते, कंपनीकडून चालकाचे, आणि प्रत्येक टप्प्यावर उत्तरासाठी २८ दिवस मिळतात. चालकाच्या हाती कागद पडतो तेव्हा दीड-दोन महिने उलटलेले असणे सहज शक्य आहे.

अशा वेळी ‘नोटीस उशिरा आली’ ही हरकत स्वाभाविक वाटते. पण बहुधा ती टिकत नाही. पहिली सूचना भाडेपट्टा संस्थेकडे वेळेत पोहोचली असेल, तर कायद्याची अट पूर्ण झाली. पुढच्या पत्रांना १४ दिवसांचे बंधन नाही. म्हणून चालकाने विचारायचा प्रश्न एकच: पहिली सूचना नोंदणीकृत धारकाला कोणत्या दिवशी मिळाली? त्या पत्राची प्रत आणि संस्थेच्या आवक नोंदवहीतील तारीख मागून घ्यावी, कारण सूचना वेळेत मिळाली असे कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकतो. तो पेलता येतो. हंबरसाइड पोलिसांच्या एका प्रकरणात टपाल संपामुळे सूचना १६ व्या दिवशी पोहोचली आणि २००९ साली उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

मात्र हरकत आहे म्हणून पत्र बाजूला टाकणे घातक ठरते. चालकाचे नाव कळवण्याची सक्ती रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १७२ मध्ये स्वतंत्रपणे आहे आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००७ साली ती ग्राह्य ठरवली आहे. साध्या अतिवेगाला १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ दोषगुण. उत्तर न देण्याला ६ दोषगुण आणि १,००० पौंडांपर्यंत दंड! तेव्हा उत्तर मुदतीत द्यावे आणि हरकत स्वतंत्रपणे राखून ठेवावी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक विसंगती दिसते. भाडेपट्टा संस्था कागद पुढे पाठवण्याचा खर्च ग्राहकाकडून वसूल करू शकते. दोषगुण मात्र कोणालाही हस्तांतरित करता येत नाहीत. तीन वर्षांत १२ साचले की परवाना सामान्यतः किमान सहा महिने जातो, आणि फिरतीच्या नोकरीत परवान्यापाठोपाठ नोकरीही जाऊ शकते. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, त्यालाच माहिती सर्वांत शेवटी मिळते.

वेगाने माणसे मरतात, तेथे तारखांचा कीस कशाला, असा आक्षेप येईल. परंतु वेळेत मिळालेली ताकीदच चालकाला सुधारते. उशिरा आलेली केवळ वसुली ठरते. शिवाय उपाय ब्रिटिश संसदेला अपरिचित नाही. खासगी वाहनतळांच्या आकारणीसाठी २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टमध्ये तिने भाड्याच्या गाड्यांचा वेगळा विचार केला. गाडी देणाऱ्या संस्थेकडून कागदपत्रे मिळाल्यावर २१ दिवसांत गाडी घेणाऱ्याला सूचना मिळालीच पाहिजे, अन्यथा त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. वाहनतळाच्या आकारणीत जी काळजी घेतली जाते, ती फौजदारी आरोपात घेतली जाऊ नये, हे न्यायाला धरून नाही. साखळी लांबली असेल, तर तिच्या प्रत्येक कडीला मुदत हवी. नागरिकाकडून दिवस मोजून घेणाऱ्या शासनाने स्वतःचेही दिवस मोजावेत, एवढीच ही अपेक्षा आहे.